बंद पडेना ते मशीन

मी मूळची कराडची. माहेरच्या आम्ही शिंदे, आता जाधव. वडलांचं मंडईच्या मागच्या बोळात रिपेरीचं दुकान होतं, दुकान म्हणजे काय, एक फळी, एक स्टूल आणि वर लोंबणारा बल्ब, पण गावातल्या कितीतरी घरांचे स्टोव्ह, इस्त्र्या, मिक्सर, टेबलफॅन त्या फळीवरनं जाऊन आलेले. शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसायची. बायका मिक्सर पिशवीत घालून आणायच्या, म्हणायच्या, भाऊ, बघा की ह्याचा आवाज कसा येतोय, आणि वडील तो चालू करून कान जवळ न्यायचे, डॉक्टर छातीला नळी लावतो तसं, आणि म्हणायचे, काही नाही, मोटरमधले कार्बन झिजलेत, उद्या न्या. उद्या म्हणजे चार दिवस लागायचे, ती गोष्ट वेगळी. पण वस्तू चालू होऊन जायची. वस्तू चालू होत नाही असं मला लहानपणी माहीतच नव्हतं.

मग पुढं पुढं वेगळे मिक्सर यायला लागले, दिसायला छान, हलके, रंगीत. वडील ते उलटे करायचे, सुलटे करायचे, परत उलटे करायचे, आणि म्हणायचे, स्क्रूच नाही गं ह्याला, उघडायचं कुठनं. मी तेव्हा कॉलेजला होते. माझ्या वडलांना काही येत नाही असं मी पहिल्यांदा बघितलं ते त्या मिक्सरसमोर, आणि काय सांगू ताई तुम्हाला, मला त्या मिक्सरचा इतका राग आला. नंतर काही वर्षं ते नुसतेच दुकानात बसायचे. मग जागा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एकाला भाड्यानं दिली. तर माझ्या डोक्यात तेव्हापासनं हे पक्कं बसलेलं, की जुनं ते मजबूत आणि नवीन सगळा कचरा. हे मी आधीच सांगते, म्हणजे पुढचं तुम्हाला कळेल.

लग्न झालं, पुण्याला आले, मिस्टर गाड्यांच्या पार्टच्या कंपनीत इंजिनियर. त्यांना इकडं नागोयाला पाठवलं. दोन वर्षांसाठी म्हणून आलो, सानिका तेव्हा अंगावर पीत होती. आता ती हायस्कूलला आहे, म्हणजे बघा. दोन वर्षांसाठी आलेली सगळीच माणसं इथं अशी आहेत, विचारा कुणालाही.

सुरुवातीला मला इथं सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला माहिती आहे का, थंडीचा नाही, भाषेचा नाही, कचऱ्याचा. कचरा वेगळा करायचा, ह्या दिवशी हा, त्या दिवशी तो, ते जमतं हळूहळू. पण मोठ्या वस्तूंच्या कचऱ्याचा दिवस असायचा ना, तेव्हा कोपऱ्यावर पंखे, खुर्च्या, भात शिजवायची मशिनं अशी ओळीनं मांडलेली असायची, पुसूनबिसून, वायर नीट गुंडाळून. चांगली हो, चांगली दिसायची. मी सानिकाला बाबागाडीत घेऊन तिथं उभी राहायची आणि माझा जीव तळमळायचा. वडलांना फोनवर सांगितलं तर ते म्हणायचे, उघडून बघ काय झालंय. मी म्हणायची, बाबा, हात लावता येत नाही, त्याच्यावर महापालिकेची चिठ्ठी चिकटवलेली असते. ते म्हणायचे, निदान कार्बन तरी बघ.

सानिका शाळेत जायला लागली तशी मी पार्टटाइम काम शोधलं. जपानी बोलता येत होतं मोडकंतोडकं, लिहिता नाही. मिळालं ते काम जुन्या वस्तूंच्या दुकानात, रिसायकल शॉप म्हणतात इथं. मला वाटलं, अरे वा, हे तर आपल्या घरचंच काम. पहिल्या आठवड्यात कळलं की नाही. तिथं दुरुस्ती करतच नाहीत. तिथं पुसतात. आणि विजेवर चालणारी वस्तू आली की आधी मागची पट्टी बघायची, तिच्यावर बनवल्याचं साल छापलेलं असतं. ठरवून दिलेल्या वर्षांपेक्षा जुनी असली की घ्यायची नाही, मग ती किती का छान चालेना. आग लागली, शॉक बसला, तर दुकानाच्या गळ्यात येईल, असं मॅनेजर म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं. म्हणजे माझं काम काय, तर एखादी म्हातारी बाई रोज वापरातला, लख्ख ठेवलेला विजेचा भाताचा कुकर उचलून आणते, तिला वाकून नमस्कार करून सांगायचं की माफ करा, हा जुना आहे. आणि दोन वर्षांपूर्वीचा कुणाचातरी, ज्याचं बटण आत्ताच दाबलं जात नाहीये, तो घ्यायचा. हे मी कितीतरी वर्षं करतेय.

नंतर मला ट्रकबरोबर पाठवायला लागले, लोकांच्या घरी जाऊन सामान बघायला. ओकादा-सान, सान म्हणजे आपलं साहेब किंवा बाई तसं, ट्रक चालवतात, वयस्क गृहस्थ, दिवसभरात दहा वाक्यं बोलले तर जास्त. बाई बरोबर असली की घरातल्या आज्या जरा मोकळ्या होतात म्हणून मी. तसं आम्ही एकदा हायाशी-सानच्या घरी गेलो.

सरकारी बांधणीच्या जुन्या इमारती असतात ना, लिफ्ट नसलेल्या, तसल्या एकीत चौथ्या मजल्यावर ती एकटी राहायची. ऐंशीच्या घरातली, बारीक, हाताला प्लास्टर. नवरा गाड्यांच्या कारखान्यात होता, जाऊन बरीच वर्षं झालेली. ती स्वतः शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलेली. तिचा मुलगा शिझुओकाला असतो, तो आईला न्यायला आला होता, घर रिकामं करायचं होतं. आम्ही बघत गेलो आणि काय झालं ऐका. मायक्रोवेव्ह घेतला, मुलानं दिलेला, खोक्यातनं बाहेर काढलेला नव्हता. हवा साफ करायचं यंत्र घेतलं, तेही मुलाचं, तेही कोरं. भिंतीवरचं घड्याळ, तिची शिलाई मशीन, पंखा, कुकर, सगळ्याला नाही म्हटलं. ती खुर्चीवर बसून बघत होती. म्हणाली, म्हणजे मी जे वापरलं नाही तेवढं तुम्ही नेणार. मी खाली बघितलं.

मग ती उठली आणि मला न्हाणीघराशेजारी घेऊन गेली. तिथं तिचं कपडे धुवायचं मशीन. आपल्याकडं सेमी-ऑटोमॅटिक म्हणतात तसलं, एका टबात धुवायचे, उचलून दुसऱ्यात टाकायचे, तिथं पिळून निघतात. फिकट हिरव्या रंगाचं. इतकं जुनं की पट्टीवरचं साल पुसून गेलेलं. तिनं बटण फिरवलं, किरकिर किरकिर करत टायमर लागला आणि ते चालायला लागलं, अहो आवाज इतका चांगला होता, वडील तिथं असते तर म्हणाले असते, हात लावू नका ह्याला. ती म्हणाली, हे कुणीतरी वापरणार असेल तर मी जाईन. नाहीतर मी ह्याला असं सोडून जायची नाही.

मुलगा मला बाहेर जिन्यात घेऊन गेला. रडकुंडीला आला होता बिचारा. म्हणाला, ह्याच मशीननं तिचा हात मोडलाय. ओले कपडे एका टबातनं दुसऱ्यात टाकताना पाय घसरून पडली, दुपारपर्यंत तशीच पडून होती, शेजारणीनं ऐकलं म्हणून बरं. मी दोनदा ऑटोमॅटिक आणून दिलं, तिनं दोन्ही वेळा परत पाठवलं. तुम्ही फक्त हो म्हणा, नेतो म्हणा. खाली नेऊन काय करायचं ते करा, टाकायचा खर्च मी देतो, पण तिला हो म्हणा.

आता बघा, मला हो म्हणायला काय जात होतं? रोजच नाही म्हणत होते. पण त्याच महिन्यात आमच्या घरातलं ऑटोमॅटिक बंद पडलं होतं, जेमतेम सहा वर्षांचं. मेकॅनिक आला, झाकण उघडलं, आतलं सर्किटचं कार्ड गेलंय म्हणाला, आणि ते कार्ड आता बनवत नाहीत म्हणाला, आणि गेला. मी बादलीत कपडे धूत होते. त्यामुळं मी आत गेले आणि हायाशी-सानला म्हटलं, मी नेते. दुकानासाठी नाही, माझ्या घरी. मी स्वतः वापरेन. ती प्लास्टरचा हात दुसऱ्या हातानं धरून माझ्यापुढं वाकली, इतकी वाकली की मला कसंतरी झालं. जादाबु-सान, म्हणाली, जाधव म्हणता येत नाही इथं कुणाला, जादाबु-सान, सांभाळा. आणि गेली ती मुलाबरोबर, निमूट गेली.

ओकादा-साननी ते माझ्याकडं आणून दिलं. न्हाणीघरात ते मावेना, आमच्या बाल्कनीत एक नळ आहे, तिथं ठेवलं. मिस्टर म्हणाले, अगं, तुझ्या दुकानात घेत नाहीत ते तू घरात आणलंस? मी म्हटलं, बघा तुम्ही, तुमच्या नवीन मशीनसारखं हे दगा द्यायचं नाही. मोठ्या तोऱ्यात म्हटलं. सानिकानं मोबाइलमधनं मान वर करून जपानीत काहीतरी म्हटलं, त्याचा अर्थ साधारण, आई, तुझं तू बघ.

आणि खरंच, दगा नाही दिला त्यानं. कपडे निघायचे पण काय स्वच्छ, मिस्टरांच्या शर्टांच्या कॉलरी अशा कधी निघाल्या नव्हत्या. हायाशी-सानचा फोन यायचा महिन्यातनं एकदा. विचारायची, मशीन चालतंय का? मी म्हणायची, चालतंय, एकदम छान. ती म्हणायची, सो देसु का. असं का, एवढंच, आणि फोन ठेवायची. मला वाटायचं, तिला भरून येतंय.

पण ताई, ते मशीन म्हणजे काय, त्याच्याशेजारी उभं राहायला लागतं. नळ सोडा, पाणी भरेस्तोवर थांबा, बंद करा, साबण घाला, फिरवा, पाणी सोडा, ओले कपडे उचलून दुसऱ्या टबात, ते नीट चेपून बसवा नाहीतर सगळं मशीन धडधडा नाचतं आणि खालच्या मजल्यावरनं तक्रार येते, मग परत उचला, परत पाण्यात, परत पिळा. हिवाळ्यात बाल्कनीत बोटं बधिर व्हायची. कामावरनं पाचला यायचं, साडेपाचला तिथं उभं राहायचं, तिथनं ओट्यापुढं. ओल्या कपड्यांचं वजन किती असतं हे मला आईला विचारायला पाहिजे होतं.

आईवरनं आठवलं. आमच्या घरी तांब्यापितळेची भांडी होती, आजही आहेत, पाहुणे येऊन म्हणायचे, बघा, काय टिकलीयेत. वडील म्हणायचे, आमच्याकडं वस्तू टिकते. आणि आई मागच्या दारात चिंच आणि राख घेऊन घासत बसलेली असायची. दर आठवड्याला. वर्षातनं कल्हईवाला यायचा तेव्हा सगळा ढीग डोक्यावरनं चौकात ती न्यायची. तिच्या बोटांना भेगा पडायच्या, रात्री त्यात ती मेण भरायची. ती भांडी टिकली कारण आई त्यांच्यामागं होती, हे मला त्या बाल्कनीत उभं राहून पहिल्यांदा सुचलं. पन्नाशीला आल्यावर. वडलांच्या कामाला रिपेरी म्हणायचे, आईच्या कामाला काहीच म्हणत नव्हते.

माझा उजवा खांदा धरला. आधी वाटलं झोपेत अवघडला असेल. मग केस विंचरता येईनात, ब्लाउजचा हुक लागेना. डॉक्टर म्हणाले, खांदा आखडलाय, जड उचलू नका. घरी येऊन मी जड उचललं. मिस्टर म्हणाले, मी धुतो, आणि त्यांनी दोन रविवार धुतलेही, तिसऱ्या रविवारी ऑफिसचं काम निघालं. त्यांना तरी काय बोलू, तेही दमून येतात. ते म्हणाले, नवीन घेऊया की, ह्यात एवढं काय आहे? मी म्हटलं, शब्द दिलाय, आणि चालतंय ना अजून, चालतं मशीन टाकायचं कसं? मग मी काय करायला लागले सांगू? मी ते बंद पडायची वाट बघायला लागले. रोज टायमर फिरवताना मनात म्हणायची, आज पड. रिपेरीवाल्याची पोर मी, आणि मशीन बिघडावं म्हणून देवाला हात जोडतेय. ते काही पडेना. पावसात भिजलं, बर्फात गोठलं, सकाळी किरकिर करून परत चालू. बंद पडत नाही हो ते, मी मिस्टरांना म्हटलं, आणि हसता हसता मला रडू फुटलं. सानिका तिच्या खोलीतनं आली, माझ्या हातातनं ओल्या चादरीचं बोचकं काढून घेतलं आणि चक्क मराठीत म्हणाली, आई, बस आता. फोन कर त्या आजीला.

चार दिवस मी मनात जपानी वाक्यं जुळवली. माफीची वाक्यं इथं फार लांब असतात. मग रविवारी सकाळी फोन लावला. म्हटलं, हायाशी-सान, माझं चुकलं, मी शब्द दिला होता, पण माझा खांदा गेलाय, मला हे मशीन जमत नाही, फार चांगलं आहे, काहीही झालेलं नाही त्याला, पण माझ्यानं होत नाही. मला वाटलं, झालं, म्हातारीचं मन मोडलं मी. आणि मग ती हसायला लागली. पहिल्यांदा ऐकलं मी तिला हसताना.

म्हणाली, जादाबु-सान, मी पण वाट बघायचे. मला आधी कळेचना. ती म्हणाली, आमच्या ह्यांनी ते बोनसमधनं आणलं होतं, आणि त्यांचा नियम होता, चालती वस्तू टाकायची नाही. शेजारच्या सगळ्या बायकांकडं ऑटोमॅटिक आली. मी म्हटलं की ते म्हणायचे, हे बंद पडलं की घेऊ. ते बंद पडलं नाही. हे गेले, तरी ते बंद पडलं नाही. मुलानं नवीन आणलं तर मला हात लावायची हिंमत होईना, वाटायचं, हे म्हणतील, चालतंय ना अजून. मी म्हटलं, मग तुम्ही मला ते वापरायला का दिलंत? ती म्हणाली, मला टाकता येत नव्हतं म्हणून. तुम्ही नेता म्हणालात तेव्हा माझ्या अंगावरनं ओझं उतरलं. आणि नंतर दर महिन्याला वाटायचं की ते मी तुमच्या अंगावर टाकलं. विचारायची की चालतंय का, आणि तुम्ही म्हणायचा चालतंय. माफ करा मला.

खोटं कशाला बोलू, मला राग आला. अहो, वर्षभर माझा खांदा गेला आणि ही बाई तिकडं फोनवर सो देसु का म्हणतेय. ती पुढं बोलत होती. म्हणाली, टाकून द्या. चालू असताना टाका. बंद पडायची वाट बघू नका, मी बघितलीये. मग मी विचारलं, तिकडं तुम्ही कशा आहात? म्हणाली, इथं मशीन सगळं करतं. मी एक बटण दाबते आणि खिडकीशी बसते. सुनेला वाटतं मला करमत नाही. तसं नाही, म्हणाली, मी बसलेय फक्त. आणि का कोण जाणे, ताई, ते ऐकलं आणि माझा राग उतरला.

पुढच्या आठवड्यात ओकादा-सान येऊन घेऊन गेले. त्याचा खर्च भरावा लागतो इथं, तो मिस्टरांनी भरला. मी सकाळी ते आतनं बाहेरनं पुसून ठेवलं होतं. ओकादा-साननी दोरी बांधता बांधता विचारलं, बिघडलं का? मी म्हटलं, नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मान हलवली आणि उचललं. ट्रक वळेपर्यंत मी वर बाल्कनीत उभी होते. वाईट वाटलं का म्हणाल तर वाटलं. दोन दिवस बाल्कनीतली ती रिकामी जागा बघवत नव्हती. मग तिथं चपलांचं कपाट ठेवलं.

आता घरात नवीन ऑटोमॅटिक आहे. कपडे झाले की छोटंसं गाणं वाजवतं. हे काही दहा वर्षं टिकायचं नाही, मला माहीत आहे, ह्याचं कार्ड जाणार, कार्ड मिळायचं नाही, मग दुसरं येईल, आणि असंच. तो सगळा ढीग कुठं जातो कुणास ठाऊक. हे चांगलं आहे असं मी म्हणत नाही. स्क्रू नसलेल्या वस्तूंवरचा माझा राग काही गेलेला नाही. पण आता कुणी माझ्यासमोर म्हटलं ना, की पूर्वीच्या वस्तू काय मजबूत होत्या, तर मी हो म्हणते आणि विचारते, त्या घरात कपडे कोण धुवायचं?

खांदा अजून इतकाच वर जातो, बघा, इतकाच. काम चालू आहे. दुकानात अजूनही आज्या येतात, कुणी पंखा आणतं, कुणी इस्त्री. मी पट्टी बघते, वाकते, सांगते की घेता येणार नाही. पूर्वी तेवढंच सांगायची. आता थोडी थांबते, विचारते, घरी नवीन आहे का, आणि नसलं तर म्हणते, आजी, घ्या एखादं, ह्यानं पुष्कळ केलं, तुम्हीपण पुष्कळ केलंत. कुणी रागावून जातं, कुणी माझा हात धरतं. मॅनेजर म्हणतात, जादाबु-सान, लाइन मोठी झालीये.

उद्या परत एक घर रिकामं करायचंय, तिसरा मजला, लिफ्ट नाही म्हणे. जायचं. चला, तुम्हालाही स्टेशन गाठायचं असेल, मला चपात्या लाटायच्यात, आणि आता लाटताना सानिका मदत करते थोडी, जमतील तशा. तुमच्या घरातलं सगळं टिको, ताई, एवढंच म्हणते. फक्त ते टिकवायला घरातली बाई झिजायला नको.